मदत हवी आहे: छोट्या स्टेजवर गिटार ॲम्प नेमका कुठे ठेवावा?

स्टेज १६ बाय १२ फूट. ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो (व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), १२ इंची एकच स्पीकर, ड्रमशेजारी जमिनीवर. या स्पीकरचा तिखट आवाज सरळ रेषेत जातो, म्हणून पहिली रांग हैराण आणि वाजवणाऱ्याच्या मात्र गुडघ्याला ऐकू येतं! मागे कलता ठेवला की झोत थेट गायकाच्या माइकवर. मास्टर (ॲम्पचा एकूण आवाजाचा नॉब) उतरवला तर टोन मरतो. अ‍ॅक्रिलिकची ढाल नको, आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो.

आता ॲम्प विंगेजवळ स्टेजला आडवा लावायचा विचार आहे. गायकाचा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच आवाज घेणारा, तो बाजूने साधारण ६ डीबी कमी घेतो. पण ड्रमच्या ओव्हरहेडमध्ये (ड्रमवर टांगलेल्या माइकमध्ये) गिटार किती शिरेल? की अ‍ॅटेन्युएटरच (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये जोडून स्पीकरला जाणारी ताकद कमी करणारं यंत्र) बरा?