फ्रॉस्टची तारीख सगळ्या रोपांना सारखी नाही

थंड देशांत वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट (रात्री तापमान शून्याखाली जाऊन पानांवर बर्फ धरणं) होऊन गेल्याशिवाय बाहेर काहीच लावू नका असा सल्ला देतात, तो तुळस आणि बेसिलला (परदेशी तुळशीला) शंभर टक्के लागू, पण कोथिंबीर-शेपूला नाही. माझी बहीण कॅनडात टोरोंटोजवळ असते, ती धणे चोळून दोन फाका करते आणि एप्रिलअखेर थेट मातीत टाकते, हलका फ्रॉस्ट ही रोपं सोसतात, उलट उशीर केला की उन्हाळ्यात लगेच फुलावर येतात, आमच्या बेळगावकडं मार्चमध्ये पेरलेल्या कोथिंबिरीचं होतं अगदी तसंच.

आणि एक, तक्त्यांत दिलेली शेवटच्या फ्रॉस्टची तारीख बहुतेक वेळा सरासरी असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्यानंतरही फ्रॉस्ट पडू शकतो! म्हणून कॅनडात बरेच जण नाजूक रोपांसाठी व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे 25 मेच्या आधीच्या सोमवारपर्यंत थांबतात. तुळशीचं बी सहाएक आठवडे आधी घरात खिडकीपाशी टाका, पण रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर टिकेपर्यंत बाहेर ठेवायची घाई नको, पानं काळी पडतात. खानापूरकडं फ्रॉस्ट नसूनसुद्धा डिसेंबरच्या थंडीत तुळस वाढायची थांबते, पानं झडतात, मग टोरोंटोकडं तर विचारूच नका.