मदत हवी आहे: लेकीची एएनए १:८० पॉझिटिव्ह आली. निरोगी माणसांतही येते का?

नमस्कार. लेक २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. पाच-सहा महिने केस मूठमूठ गळताहेत, संध्याकाळी घरी आली की नुसती पडून असते. फॅमिली डॉक्टरांनी रक्ततपासण्या लिहून दिल्या, त्यात एएनएही होती (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी). काल रिपोर्ट आला: एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड (ठिपक्यांचा नमुना). हिमोग्लोबिन १०.१, फेरिटिन (लोहाचा साठा) ७. लघवी, क्रिएटिनिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं ठीक. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी भेटतील. तोवर हिने रात्रभर मोबाईलवर ल्युपसबद्दल (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) वाचलं आणि सकाळी मला विचारते, "आई, मला मूल होईल ना गं?" माझ्या पोटात गोळाच आला.

सांधे दुखत-सुजत नाहीत, तोंड येत नाही, उन्हात चट्टे उठत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीला हाशिमोटो थायरॉइड आहे (प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार), बाकी घरात कुणाला असं काही नाही.

धडधाकट माणसांतही ही अँटिबॉडी सापडते म्हणे. किती जणांत? लॅबवाला म्हणतोय, लगेच एएनए प्रोफाइल (नेमक्या कोणत्या अँटिबॉडी आहेत ते बघणारी पुढची तपासणी) करून घ्या. करावी का? वैशाखात लग्न ठरलंय. सासरच्यांना आत्ताच सांगावं का? जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, या स्लाइड रोज बघते. रक्तातला सीरम पातळ करत जायचा, काचेवरच्या पेशींवर टाकायचा आणि कितव्या पायरीपर्यंत हिरवी चमक दिसते ते पाहायचं. १:८० म्हणजे ऐंशी पट पातळ केल्यावरही चमक होती. ऐकायला मोठं वाटतं, पण ही अगदी खालची पायरी आहे.

१९९७ मध्ये १५ प्रयोगशाळांनी २० ते ६० वयाच्या १२५ निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. १:४० ला ३१.७ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३.३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३.३. म्हणजे १:८० ला साधारण दर आठांत एक, आणि तोही निरोगी! अमेरिकेतल्या १९९९ ते २००४ च्या मोठ्या पाहणीत सर्वसाधारण लोकांत १३.८ टक्के आले, बायकांत १७.८ आणि पुरुषांत ९.६. घरात कुणाला हाशिमोटोसारखा आजार असेल तर नातेवाइकांत ती जरा जास्तच सापडते. ल्युपस मात्र हजारात जेमतेम एखादीला.

मला खरी काळजी वाटते ती त्या फेरिटिनची. ७ म्हणजे लोहाचा साठा संपलेला. केस गळणं, थकवा, दोन्ही त्यानेच होतं. पाळीत अंगावरून जास्त जातं का तिला?

प्रतिसाद २

घाबरवायचं नाही, पण माझ्या वहिनीलाही आधी नुसती एएनएच पॉझिटिव्ह होती, दोन वर्षांनी ल्युपस निघाला. २००३ चा एक अभ्यासही आहे: ल्युपस झालेल्या १३० अमेरिकन सैनिकांचं आधीचं साठवलेलं रक्त पाहिलं, तर ११५ जणांत निदानाआधीच अँटिबॉडी होत्या, काहींत तर नऊ वर्षं आधी.

प्रतिसाद १ (पुन्हा)

वहिनींबद्दल वाईट वाटलं. अभ्यास खरा आहे, पण तो आजारी पडलेल्यांपासून मागे गेलाय. ज्यांची एएनए पॉझिटिव्ह होती आणि पुढे काहीच झालं नाही, ते त्यात नाहीतच, आणि असे लोक कितीतरी जास्त आहेत. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांतही १:८० हा फक्त उंबरठा आहे. पुढे लक्षणांचे आणि इतर तपासण्यांचे मिळून १० गुण भरावे लागतात, तेव्हा ल्युपस म्हणतात.

प्रोफाइल लॅबवाल्याच्या सांगण्यावरून करू नका. लक्षणं नसताना ती करू नये असंच संधिवाततज्ज्ञही सांगतात. एएनए पुन्हापुन्हाही नको. सांधे सुजले, थंडीत बोटं पांढरी-निळी पडली, लघवीला फेस आला, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठले, तर मात्र लगेच दाखवा. नुसत्या या आकड्याने मूल होण्यात अडचण येत नाही, हे लेकीला आजच सांगा. आणि सासरी सांगायचं तर काय सांगणार? निदान झालेलंच नाही.

धागाकर्ती

ताई, तुमचं लिहिणं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. आठांत एक हे तिने दोनदा वाचायला लावलं, मग रडली आणि जेवली. हो, पाळीत खूप जातं, दोन वर्षं झाली, मीच "होतं असं" म्हणून सोडून दिलं होतं. सोमवारी डॉक्टरांना आधी तेच सांगते.