मुंबईच्या फ्लॅटमध्ये रेफ्युजियम: गरज की हौस?

खारवट:
हल्ली ज्याच्या त्याच्या समुद्री माशांच्या टाकीखाली रेफ्युजियम दिसायला लागलंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टाकीखालच्या सम्पमध्ये (खालच्या छोट्या टाकीत) एक कप्पा राखायचा, त्यात कीटोमॉर्फा ऊर्फ कीटोसारखं शेवाळ वाढवायचं आणि वर ग्रो लाइट लावायचा. शेवाळ पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट (खाणं आणि विष्ठेतून साठणारे क्षार) शोषून घेतं. वाढलेलं शेवाळ काढून टाकलं की तेही टाकीबाहेर जातं. मासे तिथे पोहोचत नाहीत, म्हणून कोपेपॉड, अँफिपॉड असे बारीक जीव (थोडक्यात पॉड) निवांत वाढतात.

कागदावर झकास. पण आपण ज्या टाक्या ठेवतो त्यांना, आणि ज्या घरांत ठेवतो तिथे, याची गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

जागेचं बघा. चार फुटी टाकी (48 × 18 × 20 इंच) काठोकाठ 280 लिटरची. खालच्या कॅबिनेटमध्ये जेमतेम तीन फुटी सम्प बसतो. त्यात सॉक (गाळणी पिशवी), स्किमर (फेस करून घाण ओढून काढणारं यंत्र), रिटर्न पंप (पाणी परत वर पाठवणारा). शिवाय वीज गेली की वरून उतरणारं पाणी मावायला मोकळी जागा हवीच, नाहीतर ते हॉलमध्ये आणि तिथून खालच्या काकांच्या छताला. एवढं करून उरतो 25 लिटरचा कप्पा. टाकीच्या 10 ते 20 टक्के रेफ्युजियम हवं असं सगळे सांगतात, इथे दहासुद्धा भरत नाहीत.

आणि नायट्रेट इतकं खाली हवंय कोणाला? दगडी प्रवाळांना. ते वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा घरी ठेवायचा विषयच संपला. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली-वरळीचे प्रवाळ हलवायला महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. आपल्याकडे क्लाउनफिश, डॅमसेल, एखादा टँग, फार तर मश्रूम नि झोआ (प्रवाळांचे बिनसांगाड्याचे भाऊबंद). या मंडळींचं 20 पीपीएम (लिटरमागे साधारण 20 मिलिग्रॅम) नायट्रेटने काही बिघडत नाही.

राहता राहिला उकाडा. पुण्यात टाकीवर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. इथे मे महिन्यात हवाच इतकी दमट की पाणी उडायचं नाव घेत नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आधीच धापा टाकतोय, त्याला आणखी एक दिवा कशाला?

चांगला स्किमर, मोजून खाणं, वेळेवर पाणीबदल. बास.

मांदेली:
साफ असहमत, आणि उकाड्याच्या मुद्द्यावर तर हसू आलं. 30 वॉटचा एलईडी 12 तास चालला तर 0.36 युनिट, महिन्याला 11 युनिट. चिलरच्या बिलात ते शोधूनही सापडणार नाहीत.

आता तुमच्या "वेळेवर पाणीबदल"चा हिशेब. नायट्रेट 40 वरून 10 वर आणायचंय आणि दर वेळी 10 टक्के पाणी बदलताय, तर तेराएक बदल लागतात. तेही मधल्या काळात नवीन नायट्रेट अजिबात तयार झालं नाही असं धरून. एका बदलाला 28 लिटर, म्हणजे साधारण किलोभर मीठ. 13 किलो इम्पोर्टेड सॉल्ट मिक्सचा भाव क्रॉफर्ड मार्केटात विचारून या आणि मग बोलू.

खारवट:
@मांदेली, 10-10 टक्क्यांनी कोण उतरवतं? 50 टक्के दोनदा बदला, 10 वर येतं, मीठही दहा-साडेदहा किलोच लागतं. आणि नव्या मिठातून कॅल्शियम, मॅग्नेशियम येतं ते तुमची कीटो देते का? पाण्याचा खर्च तर धरूच नका. तानसा-वैतरणाचं पाणी मुळात मऊ, डीआयची (पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरची) रेझिन भरपूर टिकते.

अण्णा_लालबागकर:
दोघांचं ऐकून कॅल्क्युलेटर काढला. गणित ढोबळ आहे, पण बघा.

रोज 1 ग्रॅम सुकं खाणं, त्यात 45 टक्के प्रथिनं. म्हणजे नायट्रोजन 0.07 ग्रॅम, आणि त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर 0.32 ग्रॅम. टाकी-सम्प मिळून खरं पाणी 300 लिटर धरलं तर रोज 1 पीपीएम, आठवड्याला सात.

आता शेवाळ. पाणी निथळून 100 ग्रॅम कीटो काढली. त्यात सुकं वजन 10 ग्रॅम आणि त्याच्या 3 टक्के नायट्रोजन धरा. चारेक पीपीएम नायट्रेट टाकीबाहेर गेलं.

तेव्हा आठवड्याला 100 ग्रॅम निघत असेल तर मांदेलीताईंचा कप्पा निम्म्याहून जास्त भार उचलतो. निघत नसेल तर तो नुसता शोभेचा. 25 लिटरमध्ये इतकं निघतं का, हे दिवा आणि प्रवाहावर आहे. कीटोचा गोळा पाण्यात सावकाश गरगरत राहिला पाहिजे. तळाशी बसला की आतला भाग पिवळा पडतो, कुजतो, आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात.

खारवट:
अण्णा, यात स्किमरने आधीच ओढून घेतलेला माल धरलेला नाही. तो वजा केला तर सातचे सात राहत नाहीत.

अण्णा_लालबागकर:
मान्य. मग कीटोला तेवढं खाणं कमी, आणि 100 ग्रॅमही निघणार नाही.

मांदेली:
सगळे नायट्रेटवरच का अडलात? मी रेफ्युजियम ठेवते ते पॉडसाठी आणि पीएचसाठी.

मँडरिन मासा बघितलाय ना? बहुतेक मँडरिन तयार खाण्याकडे ढुंकून बघत नाहीत, दिवसभर दगडावरचे पॉड टिपत फिरतात. रेफ्युजियम नसलेल्या छोट्या टाकीत पॉड संपतात आणि मासा हळूहळू पोटाने आत जातो. माझ्या कप्प्यातून कीटोचा झुपका उचलून पांढऱ्या बशीत झटकला की तिळाएवढे जीव सैरावैरा पळतात. स्किमरच्या कपात यातलं काही मिळत नाही.

आणि पीएच. आपली घरं बंद, त्यात एसी. हॉलमध्ये रात्री चार माणसं झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पाण्यात उतरतो. टाकीचे दिवे बंद असताना पीएच 7.8 च्या आसपास घसरतो. रेफ्युजियमचा दिवा उलट्या पाळीत, म्हणजे रात्री लावला, की शेवाळ तो वायू ओढून घेतं आणि घसरण थोपते.

चिंबोरी:
रात्रपाळीचा दिवा सांगणाऱ्यांना वन-रूम-किचन माहीत नसावं. आमच्या हॉलमध्ये आजी झोपते. त्या जांभळ्या उजेडाला ती "डान्सबार" म्हणते.

बाकी धागाकर्त्यांना +1. आणखी एक: नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेऊन बसलात की डायनोफ्लॅजेलेट्स (एकपेशीय सूक्ष्मजीव) येतात. वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर आणि त्यात बुडबुडे. रेफ्युजियमच्या उत्साहात हे बऱ्याच जणांकडे झालंय.

मांदेली:
@चिंबोरी, आजींना नमस्कार सांगा. कॅबिनेटच्या दाराला आतून काळी फोम शीट लावा, उजेड फटीतूनही येत नाही. मात्र चिलर त्याच कॅबिनेटमध्ये असेल तर दार बंद करू नका, गरम हवा कोंडते. शून्याचं म्हणाल तर दिव्याचे तास कमी करायला कोणी अडवलंय?

नवा_मासेवाला:
मध्येच विचारतो. बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीला हिरवं शेवाळ भरपूर दिसतं. तेच आणून घातलं तर? फुकटात काम.

अण्णा_लालबागकर:
अजिबात नको. तिथून जवळच माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते, त्या पाण्यात काय काय असतं ते सांगायला नको. शेवाळासोबत एप्टेसिया (टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), खेकड्यांची पिल्लं, आणखी काय काय घरात येईल. शिवाय खडकाला धरून वाढणारं शेवाळ उपटून आणलं की बहुतेकदा कुजतंच.

दुकानात कोणी कॉलर्पा दिली तर तीही घेऊ नका. दिसते देखणी, पण बिथरली की एका रात्रीत सगळी प्रजननपेशी सोडून देते, पानं काचेसारखी पांढरी पडतात, पाणी गढूळ हिरवं होतं आणि ऑक्सिजन घसरतो. सकाळी उठून बघावं तर मासे वर तोंड करून. छाटलेली कॉलर्पा समुद्रात किंवा नाल्यात तर मुळीच टाकू नका. तिचीच एक जात 1984 मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात सापडली आणि पुढे भूमध्य समुद्रात लांबवर पसरली. कीटोच घ्या.

खारवट:
नवशिक्याला आताच कीटो घ्यायला सांगू नका. टाकी चार-सहा महिने चालू दे, नायट्रेटचा आकडा स्वतःच्या टेस्ट किटवर बघू दे. 15-20 वर थांबत असेल तर हे सगळं कशासाठी? आणि @मांदेली, मँडरिनचा मुद्दा मला पटला, पण उलट बाजूने: एवढ्याशा टाकीत मँडरिन ठेवूच नये.

मांदेली:
माझा मँडरिन गुबगुबीत आहे, फोटो टाकते संध्याकाळी.

@नवा_मासेवाला, खारवट म्हणतात तसं आकडा बघा, त्याबद्दल भांडण नाही. पण सम्प बनवून घेताना कप्प्याची काच आत्ताच लावून घ्या, नंतर पाण्याने भरलेल्या सम्पमध्ये सिलिकॉन लागत नाही. कीटो विकत घेऊ नका, मूठभर माझ्याकडून न्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अंधेरीपर्यंत कुठल्याही स्टेशनवर देईन. डबा तुमचा आणा.