शब्दचर्चा : 'एन्सेम्बल कास्ट'साठी मराठीत शब्द कोणता? (फौज, मांदियाळी नको)

कुळागर (फोंडा)

मालिकालेखनाच्या कार्यशाळेसाठी मराठीत टिपण लिहायचं आहे. त्यात 'एन्सेम्बल कास्ट' पानोपानी येतं. एकच नायक किंवा नायिका नसून पाच-सात पात्रं कथा सारखीच वाहून नेतात, अशी मालिका. 'नटसंच' लिहिलं तर ते नुसतं 'कास्ट' होतं. 'बहुतारांकित' म्हटलं की मोठ्या नावांचा सिनेमा डोळ्यांपुढे येतो. वर्तमानपत्रांतली 'कलाकारांची फौज', 'मांदियाळी' आणि 'तगडी स्टारकास्ट' तर नकोच. टिपणाचा पुढचा भाग 'असा संच चांगला कशाने होतो' यावर आहे, म्हणून शब्दातून डोकी नाही, काम कळायला हवं.

तिसरी घंटा

फौज नि मांदियाळी हे गर्दीचे शब्द. मांदियाळीचे तर फार हाल झालेत. पसायदानातली ईश्वरनिष्ठांची मांदियाळी आता कुठल्याही मालिकेच्या मुहूर्ताला बोलावतात.

नाटकवाल्यांकडे शब्द आहेत, पण ते शेजारच्या अर्थांना चिकटलेले. नटसंच म्हणजे प्रयोगात काम करणारे सगळे. पात्रयोजना म्हणजे कोणाला कोणती भूमिका द्यायची हा निर्णय. एकांकिका स्पर्धांत 'सांघिक प्रथम' असतं, पण ते बक्षीस लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश सगळं धरून अख्ख्या प्रयोगाला मिळतं. म्हणून नुसतं 'सांघिक' लिहिलंत तर आपल्याकडचा वाचक स्पर्धेच्या निकालाकडे जाईल. 'सांघिक अभिनय' मात्र चालेल. समीक्षेत तो रुळलेला आहे आणि नेमका अभिनयापुरता आहे.

उलट अर्थाला मराठीत तोटा नाही. खोगीरभरती, भाऊगर्दी. टिपणात हे दोन्ही वापरा, कारण बहुतेक मालिकांना तेच लागू पडतात.

शब्दवेडी (मडगाव)

'एन्सेम्बल' मूळ फ्रेंच, अर्थ 'एकत्र'. संगीतात तो एकत्र वाजवणाऱ्यांच्या मेळाला लागला आणि तिथेही भर वादकांच्या संख्येपेक्षा एकमेकांचं ऐकून वाजवण्यावर. पोर्तुगीजमध्ये नटसंचाला 'एलेंकु' म्हणतात, त्याचा मुळातला अर्थ यादी. कुळागरबाबांना हवा तो फरक या दोन शब्दांतच आहे. एक नावांची यादी, दुसरं एकत्र असणं.

तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी संगीतनाटकात, हा फरक उघड दिसतो. दोन पोर्द्यांच्या (नाटकाच्या भागांच्या) मधे कथेबाहेरची कांतारां (गाणी) होतात, एकट्याची, दुएत, त्रियो, क्वार्तेत. कांतार गाणाऱ्याला नाटकात भूमिका असेलच असं नाही. जाहिरातीत त्याचं नाव ठळक असतं आणि प्रेक्षक त्याच्यासाठी तिकीटही काढतो. तो यादीत आहे, पण कथेत एकमेकांवर टेकलेल्या पात्रांत नाही.

पडद्याआड

शब्द ठरवण्याआधी वस्तू कशी ओळखायची ते पाहू, म्हणजे नको ते शब्द आपोआप गाळले जातील.

एक तक्ता करा. पात्रांची नावं उभी आणि तीच आडवी. ज्या दोघांचा दोघांतच प्रसंग झाला, त्या चौकटीत खूण. ६ पात्रांच्या १५ जोड्या होतात, ८ पात्रांच्या २८, १२ पात्रांच्या ६६. मालिकेचे पहिले ३०-४० भाग झाल्यावर तक्ता पाहा. खुणा एकाच ओळीत, म्हणजे नायिकेच्या ओळीत, भरलेल्या असतील, तर घरात चौदा माणसं असूनही ती एकीची मालिका आहे. बाकीचे तिच्याशी बोलायला येतात नि जातात. धाकटी जाऊ आणि सासरा, मोलकरीण आणि थोरला दीर अशा आडवळणाच्या चौकटी भरल्या असतील, तर तुम्हाला हवी ती वस्तू तिथे आहे.

१२ पात्रांचा तक्ता कोणी पूर्ण भरू शकत नाही. रोजच्या भागात मजकूर साधारण २०-२२ मिनिटं. प्रसंग अडीच-तीन मिनिटांचा धरला तर दिवसाला सात-आठ प्रसंग. त्यांतले निम्मे मुख्य ट्रॅकला (कथासूत्राला) जातात. उरलेल्या तीन-चारांत ६६ जोड्या कशा बसणार? म्हणून असा संच ५ ते ८ पात्रांच्या आसपास स्थिरावतो. 'दिल दोस्ती दुनियादारी' २०१५ साली आली ती एका फ्लॅटमधल्या सहा जणांची. १५ जोड्या लेखकाच्या हातात राहतात, आणि कोणतीही जोडी काढली तरी प्रेक्षकाला तिचं आपसातलं काय ते माहीत असतं.

कुळागर (फोंडा)

तक्ता टिपणात घेतो. पण लेखकाने जोड्या लिहूनही पडद्यावर ते दिसत नाही. सगळे ओळीत उभे आणि एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा, असं का होतं?

पडद्याआड

वेळेमुळे. सहा जणांचा प्रसंग नीट घ्यायचा तर एक मास्टर (सगळे एका चौकटीत), तिघा-तिघांचे दोन शॉट आणि एकेकाच्या चेहऱ्याचे सहा क्लोज, म्हणजे कॅमेरा-लाइटची नऊ वेळा मांडणी, नऊ सेटअप. प्रत्येकाला लाइट नि फोकस धरून १५ मिनिटं म्हटली तरी सव्वादोन तास नुसत्या तयारीत गेले, टेक अजून बाकी. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एक भाग काढायचा असेल तर एका प्रसंगाला एवढं देता येत नाही. मग दिग्दर्शक सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करतो, म्हणजे नजरेची रेषा (कोण कोणत्या बाजूला पाहतो ती) एकच राहते, लाइट एकदाच लागतो आणि रिअॅक्शन एकामागून एक उरकता येतात. जेवणाच्या टेबलावर आठ जण बसवले की शेजारच्याशी बोलताना एक रेषा, समोरच्याशी बोलताना दुसरी. रेषा चुकली तर संकलनात दोघं एकमेकांकडे पाठ करून बोलताहेत असं वाटतं. घाईत कोणी ती जोखीम घेत नाही.

दुसरं कारण तारखांचं. कलाकाराला दिवसाच्या हिशेबाने पैसे आणि महिन्याचे ठरावीक दिवस. ज्याची तारीख नाही त्याचा क्लोज आदल्या दिवशी घेऊन ठेवतात, समोर सहायक उभा राहून वाक्यं वाचतो. वाक्यं बरोबर येतात, पण समोरच्याच्या बोलण्याने चेहऱ्यावर जे हलायला हवं ते हलत नाही. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हे लोक एका खोलीत नाहीत.

दोन-तीन कॅमेरे एकदम लावले की यातलं बरंच सुटतं. बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी पकडले जातात. विनोदी मालिकांतला संच जास्त जमलेला वाटतो त्याचं एक कारण हे.

रातकिडा (पेडणे)

ऐकण्यावरून दशावतार आठवला. आख्यानाला छापील संहिता नसते. कथा आणि प्रवेशांचा क्रम ठरतो, संवाद रंगमंचावरच जुळतात. राजपार्ट (राजाची भूमिका) करणाऱ्याने भाषण कुठे नेलं ते खलपार्टने (खलनायकाने) कान देऊन ऐकलं नाही तर पुढचं वाक्यच सापडत नाही. तिथे ऐकणं हा सद्गुण नसून गरज आहे. मालिकेत पुढचं वाक्य कागदावर असतं, म्हणून न ऐकताही निभावतं आणि तिथेच घात होतो.

आमच्या सीमेपलीकडचं उदाहरण 'रात्रीस खेळ चाले'. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, २०१६ साली सुरुवात. पहिल्या पर्वात अण्णांच्या मृत्यूने सगळी भावंडं वाड्यात येतात. सगळ्यांना एका छपराखाली धरून ठेवायला एवढं कारण पुरतं, मग कोणी कोणाशी का बोललं याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. आणि बोली! पांडूची मालवणी, मुंबईहून आलेल्या नीलिमाची प्रमाण मराठी. डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं.

तिसरी घंटा

डोळे मिटून ऐकणं ही चाचणी पात्रयोजनेच्या वेळीच करावी. कागदावरही करता येते. संहितेत बोलणाऱ्यांची नावं झाकून दोन पानं वाचायची. ओळखू येईना तर सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलताहेत, आणि मग नट कितीही चांगले आणा.

निवड करताना एकेकाला बोलावून एकेकाची ऑडिशन घेतात, तिथेच चूक सुरू होते. शेवटच्या फेरीत उमेदवार अदलून-बदलून एकत्र वाचायला बसवावे लागतात. प्रत्येक भूमिकेला तीन नावं असली तर चार भूमिकांच्या ८१ जुळण्या होतात. सगळ्या कोणी पाहत नाही, पण दहा-बारा पाहिल्या तरी दिसतं की एकटी उत्तम वाचणारी व्यक्ती दुसऱ्यासमोर गप्प पडते, किंवा उलट समोरच्याला गिळते. आवाजाची पट्टी, बोलण्याची लय, उंची, वय यांत अंतर हवं. दोघांच्या उंचीत फारच फरक पडला तर बुटक्याच्या पायाखाली अॅपल बॉक्स (लाकडी खोका) सरकवता येतो. दोघींचा आवाज सारखा असेल तर त्यावर काही सरकवता येत नाही.

पोथीवाला

संस्कृतात या अर्थाच्या अगदी जवळचा शब्द आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात 'कुतप' येतो. तंतुवाद्यांचा कुतप, अवनद्ध (चामड्याने मढवलेल्या) वाद्यांचा कुतप आणि तिसरा नाट्याचा. नाट्यकुतपात उत्तम, मध्यम, अधम अशा तिन्ही प्रकृतींची (दर्जांची) पात्रं असतात. वादकांचा मेळ आणि नटांचा मेळ यांना एकच शब्द, शब्दवेडीबायनी सांगितलेल्या फ्रेंच शब्दासारखाच.

पुढच्याच श्लोकात भरत सांगतो की गान, वाद्य आणि नाट्य हे प्रयोग करणाऱ्यांनी अलातचक्रासारखं करावं. अलात म्हणजे जळतं कोलीत. ते गरगर फिरवलं की ठिणगी एका जागी दिसत नाही, अखंड वर्तुळ दिसतं.

शब्दवेडी (मडगाव)

अलातचक्र सुंदर, पण 'नाट्यकुतप' कार्यशाळेतल्या मुलांपुढे ठेवलात तर कुतप नि कुतुबमिनार यांत अर्धा तास जाईल. टिपणात तळटीप म्हणून द्या.

'गोतावळा' कसा वाटतो? पात्रांचा गोतावळा. त्यात नाती आहेत, एकमेकांचं देणं-घेणं आहे, पडद्याआड यांच्या तक्त्यातल्या आडवळणाच्या चौकटी आहेत.

पडद्याआड

कौटुंबिक मालिकेला फिट्ट. पोलीस ठाण्याच्या किंवा इस्पितळाच्या मालिकेला विचित्र वाटेल. 'हिल स्ट्रीट ब्लूज' (१९८१ ते १९८७) या मालिकेने अमेरिकेत ही पद्धत घट्ट केली. एका भागात अनेक कथासूत्रं, एकमेकांवर चढणारे संवाद, आणि सुरुवातीला सकाळची हजेरी. त्या हजेरीच्या प्रसंगात सगळी पात्रं एका खोलीत दिसून जात, मग ती आपापल्या वाटेने पांगत. त्यांना गोतावळा कसं म्हणणार?

आणि जमलेला संच बिघडतो कसा, हेही टिपणात घ्या. एका पात्राला प्रेक्षकांनी उचललं की वाहिनी त्याचा ट्रॅक वाढवायला सांगते. इतरांचे प्रसंग आक्रसतात. आधी त्यांचे स्वतःचे प्रश्न जातात, मग मतं जातात, शेवटी 'बरोबर बोलतोय तो' एवढंच उरतं. महिन्याचे दिवस कमी झाले की कलाकार दुसरं काम धरतो, तारखा आणखी जुळेनाशा होतात, आणि तक्त्यातल्या खुणा पुन्हा एका ओळीत गोळा होतात.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा काही मराठी मालिका गोव्यात आल्या आणि मेच्या सुरुवातीला इथलीही परवानगी रद्द झाली. अशा वेळी जे कलाकार बरोबर आले तेवढ्यांतच लिहावं लागतं. ज्यांच्या आडवळणाच्या जोड्या आधी तयार होत्या त्यांना सहज लिहिता येतं. बाकीच्यांना नायक-नायिकेपैकी एक जण नसला की प्रसंगच सुचत नाही. लेखक हुशार की नाही हा भाग वेगळा, कच्चा मालच नसतो.

तिसरी घंटा

मग दोन शब्द ठेवा. संचाला 'एकजीव नटसंच' आणि मालिकेच्या प्रकाराला 'बहुनायकी मालिका'. 'एकजीव' हा गुण आहे, तो वाईट संचाला लावता येणार नाही. 'बहुनायकी' ही रचना आहे, ती फसलेलीही असू शकते. 'मालिका बहुनायकी आहे, पण नटसंच एकजीव नाही' असं वाक्य लिहिता आलं म्हणजे दोन्ही शब्द आपापलं काम करताहेत.

पोथीवाला

बहुनायकीत पुन्हा 'नायक' आलाच. आणि स्त्रिया?

तिसरी घंटा

'नायक' इथे मध्यवर्ती पात्र या अर्थी. खटकत असेल तर 'बहुकेंद्री' घ्या, तोही चालतो. फक्त तो परीक्षा केंद्रांची आठवण देतो.

शब्दवेडी (मडगाव)

पुरस्कारांच्या भाषांतरातही हे दोन वेगळे ठेवावे लागतील. अमेरिकेतल्या स्क्रीन अॅक्टर्स गिल्डने १९९५च्या पहिल्याच सोहळ्यात मालिकांना एन्सेम्बलचं पारितोषिक दिलं, चित्रपटांना ते त्यानंतरच्या वर्षी. ते 'सर्वोत्कृष्ट सांघिक अभिनय'. एमीत, म्हणजे तिथल्या टीव्ही पुरस्कारांत, संचाच्या अभिनयाला पारितोषिक नाही, 'कास्टिंग'ला आहे आणि ते निवड करणाऱ्यांना मिळतं. ते 'सर्वोत्कृष्ट पात्रयोजना'. मराठी बातम्यांत दोन्हींना 'सर्वोत्कृष्ट कलाकार संच' छापतात.

कुळागर (फोंडा)

देव बरें करूं सगळ्यांक. बहुकेंद्री मालिका, एकजीव नटसंच, सांघिक अभिनय असे तीन ठेवतो, गोतावळा कौटुंबिक मालिकांच्या उदाहरणापुरता. एक राहिलं. अशा मालिकेच्या श्रेयनामावलीत नावांचा क्रम कसा लावायचा?

पडद्याआड

करारात क्रम ठरलेला असेल तर तोच. नसेल तर दोन पद्धती निर्वेध : आडनावाच्या वर्णक्रमाने, किंवा पडद्यावर येण्याच्या क्रमाने. कोणता क्रम आहे ते नामावलीच्या वर एका ओळीत लिहा, नाहीतर पहिलं नाव मुख्य पात्राचं समजतात. ज्येष्ठ कलाकाराचं नाव शेवटी 'आणि' लावून घेण्याची रीत आहे. तसं करायचं असेल तर ते एकाच नावाला ठेवा. दोन 'आणि' आले की पहिल्या 'आणि'वाल्याचा फोन येतो.