आंब्याच्या छापील पट्ट्या एक्सेलमध्ये कशा घ्यायच्या?

देवगडचा बागायतदार
मंडळी, बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत वाशीच्या बाजारातून आलेल्या १४ हंगामांच्या पट्ट्या, म्हणजे आंबा विक्रीच्या हिशेबाचे कागद, सापडले. तारीख, पेट्या, भाव, रक्कम, हमाली, भाडं, निव्वळ, सगळं देवनागरी आकड्यांत छापलेलं. कुठल्या आठवड्यात भाव उतरतो, भाड्यात किती जातं, हे मला रकान्यांत मांडून बघायचंय. मोबाइलवर एक्सेलमधून फोटो काढून तक्ता घेतला तर भलतीच अक्षरं आली. पावसाळ्यात कागदांना ओल लागलीय, घडीवरची ओळ पुसट झालीय. कसं करू?

मालवणची हिशेबनीस
दादा, एक्सेलची ती सोय रोमन लिपीसाठी आहे, देवनागरी तिला वाचता येत नाही. टेसरॅक्ट घ्या, चित्रातला छापील मजकूर वाचून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, मराठीची फाइल मात्र वेगळी उतरवावी लागते.

पण आधी स्कॅन नीट हवं. पट्टी काचेखाली सपाट दाबा, स्कॅनची बारकाई ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, करड्या छटांत घ्या. निव्वळ काळं-पांढरं केलंत तर पुसट आकडे कायमचे जातात. आणि अख्खा तक्ता एकदम देऊ नका. उभ्या रेघेलाही टेसरॅक्ट अक्षर समजतो. रेघा वगळून एकेक रकाना कापून द्या. आमच्या संस्थेची जुनी खाती मी अशीच उतरवली.

गुहागरकर
मोजक्याच पट्ट्या असतील तर फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी चांगलं वाचतं, रकाने मात्र मोडतात.

मालवणची हिशेबनीस
एक राहिलं. देवनागरी आकडे मजकूर म्हणून बसले तर बेरीज शून्य दाखवते. शोधा-बदला करून दहाही अंक इंग्रजी करून घ्या. मग शेजारी पेट्या गुणिले भाव हे सूत्र टाका आणि छापील रक्कम त्यातून वजा करा. शून्य येणार नाही ती ओळ मूळ पट्टीशी ताडून बघा. १ आणि ९ ची गल्लत तिथेच पकडली जाते.

देवगडचा बागायतदार
ताई, काल रात्री एक हंगाम उतरवला. ४० ओळींत ३ चुकल्या. एकीत ९५० च्या जागी १५० वाचलं होतं, वजाबाकीत लगेच दिसलं. दुसऱ्या दोन घडीवरच्या. त्यातल्या एका पट्टीच्या मागे बाबांनी पेन्सिलीने पेट्या मोजून लिहिल्या होत्या, तो आकडा धरल्यावर रक्कम बरोबर जुळली. आता स्कॅन करताना मागची बाजूही घेतोय.