‘विकृती असणे म्हणजे विकृती नव्हे’: फेटिशला मराठीत काय म्हणायचं?

गंगापूररोडकर
मी अनुवादाची किरकोळ कामं घेते. सध्या नाशकातल्याच एका समुपदेशक बाईंसाठी लैंगिकतेवरची 16 पानी पुस्तिका मराठीत करतेय. पाळी, संततिनियमन, समलैंगिकता, सगळं पार पडलं. पान 11 वर गाडी अडली. वाक्य साधं आहे: फेटिश असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेला शब्द आठवला आणि मी लिहून मोकळी झाले, ‘वस्तुविकृती असणे म्हणजे विकृती असणे नव्हे.’ बाईंनी प्रुफावर त्या ओळीभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘मग काय आहे?’

बूट, हातमोजे, रेशीम, चामडं अशी निर्जीव वस्तू, किंवा पायासारखा एरवी कोणी त्या नजरेनं न बघणारा अवयव, यांच्याशी कामेच्छा घट्ट जोडली जाणं, एवढाच अर्थ हवाय. ज्याच्यासाठी लिहिलंय त्यानं तो शब्द वाचून पुस्तिका मिटू नये. शुक्रवारी छपाईला जायचंय.

निवृत्त मास्तर
वस्तुरती. झालं काम. रती हा आपला जुना आणि सभ्य शब्द. स्वरती आहे, विपरीत रती आहे. आणि मराठीत या विषयाला शब्द नाहीत हे रडगाणं कृपया नको. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले सोसले, पण मराठी सोडली नाही.

पंचवटी एक्स्प्रेस
मास्तर, पाय ही वस्तू आहे का? माझे रोज सकाळी गाडीत दुसऱ्याच्या पायाखाली असतात हे खरं, तरी वस्तू नाहीत. ताई, सरळ ‘फेटिश’ लिहा. सातपूरला लेथवर जॉब लावताना कोणी मराठी शब्द शोधत बसत नाही.

निवृत्त मास्तर
लिहा की. पण तो फेटिश, ती फेटिश की ते फेटिश? आणि अनेकवचन? ‘त्याला दोन फेटिशे आहेत’ असं छापणार का? फेटे बांधल्यासारखं वाटतं.

पंचवटी एक्स्प्रेस
ती. ती आवड, ती खोड, तशी ती फेटिश.

गंगापूररोडकर
गंमत म्हणजे मी न ठरवताच सगळीकडे ‘ते’ लिहिलंय. ते प्रकरण, ते लफडं, ते खूळ. नको असलेल्या गोष्टी नपुंसकलिंगी टाकायची सवय असावी.

गोव्याचा जावई
सासुरवाडीची भाषा म्हणून पोर्तुगीज थोडी चाळली आहे, त्या जोरावर सांगतो. हा शब्द पोर्तुगीज ‘फेइतिसू’वरून आला. पंधराव्या शतकात पोर्तुगीज गलबतं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली, तिथल्या लोकांकडे मंतरलेल्या वस्तू दिसल्या, त्यांना खलाशांनी आपल्याकडचा जादूटोण्याचा शब्द चिकटवला. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ ‘केलेलं, घडवलेलं’. म्हणजे करण्यावरून जादू. आता मराठी बघा: करणे, त्यावरून करणी! संस्कृतात कृत्या. जगाच्या दोन टोकांना लोकांनी एकच उडी मारली.

पुढे 1760 साली द ब्रॉस या फ्रेंच विद्वानानं तो शब्द धर्माच्या अभ्यासात नेला, मार्क्सनं बाजारातल्या मालाला लावला, आणि 1887 मध्ये आल्फ्रेड बिने यांनी प्रेमाला. हेच ते बुद्धिमापन चाचणीवाले बिने. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रेमात प्रत्येक जण थोडाफार फेटिशवालाच असतो, कोणाला डोळे, कोणाला केस, कोणाला आवाज. फरक प्रमाणाचा. पोर्तुगिजांकडून आपण पगार घेतला, चावी घेतली, घमेलं घेतलं. हाच तेवढा गलबतात राहिला.

निवृत्त मास्तर
करणी सुरेख आहे, मान्य. पण ‘तुम्हाला करणी असेल तर घाबरू नका’ असं छापलंत तर समुपदेशक बाईंच्या दारात लोक लिंबू घेऊन उभे राहतील. मंतरलेली वस्तूच हवी असेल तर ताईत घ्या. ‘गळ्यातला ताईत’ म्हणजे काय? अत्यंत लाडकं. जादूची वस्तू आणि माया, दोन्ही एका शब्दात आधीच बसलेली आहेत.

पंचवटी एक्स्प्रेस
ताईत अरबीतून आलेला. तो चालतो आणि फेटिश नाही?

निवृत्त मास्तर
पचलेला शब्द घरचा. तुमचा अजून घशात आहे.

ओपीडी संपल्यावर
मनोविकारतज्ज्ञ आहे. निदानाचं तेवढं सांगतो, कारण बाईंचा लाल गोल अगदी बरोबर जागी पडलाय.

2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकात, अमेरिकन मनोविकार संघटनेनं दोन गोष्टी तोडून वेगळ्या केल्या: वेगळी कामरुची असणं, आणि तिचा विकार होणं. ती ओढ किमान सहा महिने टिकलेली हवी आणि तिच्यामुळे माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास व्हायला हवा किंवा नोकरी, संसार, चारचौघांतलं वागणं अडायला हवं. नाहीतर निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणामध्ये, जे 2022 पासून लागू आहे, फेटिशिझम हे वेगळं निदान उरलेलंच नाही. संमती नसलेल्या माणसावर काही लादणं हे खातंच निराळं, ते यात मिसळू नका.

का होतं, याचं एक पक्कं उत्तर नाही. 1966 मध्ये रॅकमन या मानसशास्त्रज्ञांनी मोजक्या पुरुषांना बुटांची चित्रं आणि लगेच उत्तेजक चित्रं दाखवली. काही वेळानं नुसत्या बुटांनाही शरीर प्रतिसाद देऊ लागलं. मग जोडी तोडली, तसा तो विरलाही. म्हणजे शिकण्याचा काही वाटा असावा, पण खरं फेटिश असं सहजी विरत नाही, त्यामुळे प्रयोगानं सगळं उलगडत नाही. पाय आणि पायांतल्या वस्तू यात सर्वांत जास्त आढळतात. मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशात पाय आणि जननेंद्रियं शेजारी शेजारी दाखवतात, म्हणून एकाची कळ दुसऱ्याला लागत असेल, असा मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांचा तर्क आहे. तर्कच, पण मजेदार.

माझ्याकडे येणारे वस्तूच्या त्रासानं फारसे येत नाहीत, लाजेच्या त्रासानं येतात. ‘लग्नाआधी सांगू का?’ हा नेहमीचा प्रश्न. आणि ‘विकृती’ हा शब्द मी स्वतः कितीतरी वर्षं केसपेपरवर लिहिलाय, हेही कबूल करतो.

गंगापूररोडकर
डॉक्टर, ‘वेगळी कामरुची’ उचलतेय, आभार. पण ते शास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं, तोंडातलं नाही. माझ्या मनात ‘नाद’ होता. निफाडची आजी ‘त्याला नाद आहे’ म्हणताना आवाज खाली आणायची, पदर तोंडाशी न्यायची. नाद कसला ते कधीच सांगायची नाही, सगळ्यांना कळायचं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘नाद म्हणजे छंद, त्यात लैंगिक काय आहे?’ आता मला माझीच आजी खोटी वाटायला लागली.

येवलेकर
बाईंचं खरं आहे. आमच्याकडे नाद एकच, पतंगाचा. संक्रांतीला तीन दिवस गाव गच्चीवर असतं. आजीबाईंना तमाशाचा नाद म्हणायचं असेल.

निवृत्त मास्तर
नाद म्हणजे मूळ ध्वनी. नादी लागणं म्हणजे आवाजामागे ओढलं जाणं. हरीण जसं पारध्याच्या बासरीमागे जातं.

गोव्याचा जावई
हे हरीण तुम्ही कोशात पाहिलंत की आत्ता सोडलंत?

निवृत्त मास्तर
आत्ता सोडलं. पण पळतंय बघा कसं.

एक वाचक
नाव नाही लिहीत. लग्नाला 26 वर्षं झाली. मला कोऱ्या रेशमाचं आहे. घडी मोडताना जो आवाज येतो ना करकरीत, आणि तो थंडपणा, त्याचं. पहिली काही वर्षं मला वाटायचं मी जगात एकटा आहे. एकदा बायको कपाट आवरत होती, शालू हातात होता, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘असं आहे होय.’ भांडण नाही, काही नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्याला ‘येवला’ म्हणतात. मुलांसमोरही म्हणता येतं, ‘यंदा येवल्याला जायचं का?’ तुमच्या यादीतला एकही शब्द आम्ही कधी वापरला नाही. विकृती मात्र मी कोशात शोधली होती, 19 वर्षांचा असताना.

ओपीडी संपल्यावर
लिहिलंत ते बरं केलंत.

गंगापूररोडकर
तुमची ‘असं आहे होय’ ही ओळ मला पुस्तिकेत हवी होती. नाही घालणार, पण हवी होती.

येवलेकर
दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मी उद्यापासून नाशिकला कोणाला ‘येवल्याचा आहे’ असं सांगताना जरा विचार करणार.

पंचवटी एक्स्प्रेस
😂 येवलेकर, राहू द्या. मला एक सांगा, तुमच्याकडे ती पतंग की तो पतंग? माझा मुलगा ‘ती’ म्हणतो, हिंदीची कृपा.

येवलेकर
तो. आणि पतंगाचा दोरा जिच्यावर गुंडाळतात तिला फिरकी नाही म्हणायचं, आसारी म्हणायचं.

निवृत्त मास्तर
आसारी! कितीतरी वर्षांनी ऐकला. हा कुठून आला असेल?

गंगापूररोडकर
मास्तर, पान 11.

निवृत्त मास्तर
हो हो. पण आसारी ही लाकडीच असते ना? की बांबूची?