शेततळ्याजवळ दिव्याखाली सापडलेला बोटभर किडा कोणता?

शिवारकर: शेततळ्याच्या पांढऱ्या फ्लडलाइटखाली रात्री हा पडला होता. लांबी ७ सेंमी, चपटा, मातकट तपकिरी. पुढचे पाय जाडजूड, आत दुमडलेले. डिवचलं तर मेल्यासारखा पडून राहतो. कुणी झुरळ म्हणतंय, कुणी पाणविंचू. तळ्यात मत्स्यबीज सोडलंय, धोका आहे का?

पाणकाठ: झुरळ नक्कीच नाही. झुरळाच्या मिशा लांबलचक असतात. याच्या डोळ्यांखालच्या खाचेत दडलेल्या असतात, वरून दिसतच नाहीत. पंख बघा: पुढचा भाग चामड्यासारखा, टोकाकडचा पातळ पडद्यासारखा, आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी मध्ये त्रिकोणी ढाल. ही ढेकणांच्या कुळाची खूण. डोक्याखाली आखूड, टोकदार सोंड दुमडलेली असेल. आता शेपटाकडचा फोटो टाका, शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवून (व्यास २७ मिमी), म्हणजे माप कळेल.

शिवारकर: टाकलाय. शेवटाला दोन आखूड चपट्या पट्ट्या दिसतात.

पाणकाठ: मग पाणविंचूही बाद. त्याची शेपटाकडची श्वासनळी बारीक, लांब काडीसारखी असते. आखूड पट्ट्या आणि एवढा आकार म्हणजे महाकाय पाणढेकूण, लेथोसेरस. आपल्याकडे बहुधा लेथोसेरस इंडिकस. पाठीवर अंडी चिकटवून फिरणारे नर याच कुळातले, पण ते जेमतेम दोन-अडीच सेंमीचे. लेथोसेरसचा नर पाण्याबाहेर आलेल्या काडीवरची अंडी राखतो.

डबकेवाला: मेल्याचं सोंग घेतलंय म्हणून हातात घेऊ नका, फसवतो. सोंडेतून पचवणारी लाळ सोडतो, ठणका तासन्‌तास राहतो. चावलाच तर साबणाने धुवा, बर्फ लावा. सूज वाढत गेली किंवा धाप लागली तर थेट दवाखाना. उचलताना वरून बरणी पालथी घाला आणि खालून पुठ्ठा सरकवा. बरणीत पाणी भरून ठेवू नका. श्वासासाठी त्याला शेपूट पाण्याबाहेर काढावं लागतं, धरायला काडी नसेल तर दमून बुडतो. ओलं फडकं आणि झाकणाला भोकं पुरेत. एका बरणीत दोन ठेवलेत तर सकाळी एकच उरेल.

मत्स्यबीजाला धोका आहेच. पुढच्या पायांत बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) धरून रस शोषतो. बेडकाची पिल्लंही सोडत नाही. एकाने तळं रिकामं होणार नाही, पण काठावरचं गवत आणि पाण्यातल्या काड्या काढा, दबा धरायची आणि अंडी घालायची जागा तीच. हा रात्री एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्याकडे उडतो आणि वाटेत दिव्याला भुलतो. पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावा, तोही तळ्यापासून लांब. हा किडा मात्र मारू नका. मासे न पाळलेल्या, गवताळ डबक्यात अंधार पडल्यावर सोडा.